काळ्या गाडीचं अर्धं बॉनेट

प्रिय अप्पा,

काल पानशेतच्या बंगलेवाल्याचा फोन आला. आईलाही अजून सांगितलं नाही. आधी तुम्हाला सांगावं म्हणून लिहायला बसले.

त्याच्या काळ्या गाडीला तुम्ही रंग राखणारं, चकाकीचं सीलंट लावलं होतं, आठवतं? आपल्या नसरापूरच्या शेडमध्ये, बॉनेट हाताला गार लागेपर्यंत थांबून. एका वेळी हातभर जागा, अगदी पातळ थर, धुरकट झाला की कोरड्या फडक्यानं पुसायचा. मी शेजारी उभी राहून शिकत होते. चावी देताना तुम्ही त्याला दोनदा बजावलंत, एक दिवस पाणी लागू देऊ नका. त्यानं त्याच दुपारी गाडी लॉनच्या फवाऱ्याशेजारी लावली. बोअरचं क्षाराचं पाणी तासन् तास उडत राहिलं. त्याच्या ड्रायव्हरनंच मागाहून सांगितलं मला.

पांढरे डाग पडले तेव्हा तो चार माणसं घेऊन आला. तुमच्या औषधानं रंग खाल्ला म्हणाला. वरचा थर काढून दाखवतो, खाली रंग शाबूत आहे, असं तुम्ही परोपरीनं सांगितलंत. त्यानं गाडीला हात लावू दिला नाही. रस्त्यावर उभं करून तुम्हाला माफी मागायला लावली आणि त्याचा व्हिडिओ काढून गावोगावच्या ग्रुपवर टाकला.

अप्पा, का जोडलेत हात? तुमची चूक नव्हती ना? हा राग माझा तुमच्यावरच आहे, तो अजून गेलेला नाही.

गिऱ्हाईक तुटलं. तुम्ही गावी, पासलीला जाऊन भाताच्या बांधावर बसून राहिलात आणि वर्षाच्या आत गेलात. आई म्हणते, हृदयाचा आजार होता. असेल. पण त्या दिवसानंतर तुम्ही नसरापूरची एसटी एकदाही धरली नाहीत.

शेड आता मी चालवते. गेल्या महिन्यात तीच गाडी दारात आली. त्याला ती विकायची होती आणि डाग बघून घेणारे परत जात होते. ताई चांगलं काम करते, एवढंच त्यानं ऐकलं होतं. त्यानं मला ओळखलं नाही. मी गाडीचा नंबर ओळखला.

खरं सांगू? पॉलिशची मशीन हातात घेतली तेव्हा मनात आलं, एकाच जागी दाबून धरावी. क्षणात रंग जळून पत्रा दिसला असता. हात शिवशिवत होते. पण मग तुम्हीच खोटे ठरला असता.

मी गाडी धुतली, बॉनेटच्या मधोमध टेप लावली. एका बाजूला मऊ पॅडनं, मशीन फिरती ठेवून, जुना थर उतरवला. डाग थरासकट निघाले. खाली रंग आरशासारखा. मग चहावाल्या काकूंना आणि पंक्चरवाल्या मामांना हाक मारली. दोघांनीही तो व्हिडिओ पाहिला होता.

"हात फिरवून बघा, सायेब. कुठं खाल्लाय रंग?"

त्यानं बोटं फिरवून बघितली. मग म्हणाला, उरलेली बाजू करून टाक.

"ज्यांना रस्त्यावर हात जोडाय लावलं, मी त्यांची लेक. आधी ह्यांच्यासमोर सांगा, चूक कुणाची व्हती."

त्यानं चावी हिसकावली आणि तसाच निघून गेला, अर्धं बॉनेट लखलखीत, अर्धं कोड फुटल्यासारखं. त्यानं भोरपर्यंतच्या शेडी पालथ्या घातल्या. कुणी गाडीला हात लावेना. उद्या आम्हालाही रस्त्यावर उभं कराल, म्हणाले. त्याचाच व्हिडिओ त्याला आडवा आला.

आठवड्यानं, बाजारच्या दिवशी, तो परत आला. पुटपुटला. मी मोठ्यानं बोलायला लावलं. तुमचं पूर्ण नाव घेऊन त्यानं सांगितलं की चूक त्याची होती. मी मोबाईलवर घेतलं, त्याच ग्रुपवर टाकलं. मग दुसरी बाजूही नीट करून दिली. तिथं कसूर केली नाही.

काल फोनवर रडकुंडीला आला होता. मुलीचं लग्न जमतंय, पाहुणे हसतात, तेवढा व्हिडिओ ग्रुपवरून काढून टाक, म्हणाला. "लेकीकडं बघून तरी."

मी म्हटलं, "अप्पांना बी लेक व्हती." आणि फोन ठेवला.

तुम्ही असता तर म्हणाला असता, सुमे, सोड आता. तुमचं सगळं ऐकलं मी, हे एक ऐकणार नाही. तो उद्या शेडच्या दारात येऊन हात जोडून उभा राहिला, तरी व्हिडिओ काढून टाकणार नाही. शब्द देते.

तुमची,
सुमन