गाडी चुकली नाही, हरवली

त्रेस साउसेस
सोमवार, १४ एप्रिल २०२५

प्रिय सिल्वाना,

गुरुवारी, १० एप्रिलला, सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी तू माझ्या वर्गातून उठून गेलीस. ही वेळ स्टेशनच्या घड्याळातली नाही, ते त्र्याण्णव सालापासून बंद आहे. माझ्या मनगटावरच्या घड्याळातली आहे, आणि ते मी रोज सकाळी रेडिओशी जुळवते. धडा साडेदहाला संपणार होता. दहा मिनिटं बसवलं नाही तुला? मुलांनी तुझ्यासाठी निरोपाचं वाक्य पाठ केलं होतं. मी पहाटे उठून पास्तेलितोस तळले होते, आत रताळ्याचा गोड गर भरून, लहानपणी तू बोटं चाटत खायचीस तसेच. तू वही मिटलीस, "आभारी आहे, सेन्योरा बारागान" म्हणालीस आणि मोटारीत जाऊन बसलीस. सेन्योरा! चौऱ्याहत्तर वर्षांत मी कुणाची बायको झाले नाही, हे साऱ्या गावाला ठाऊक आहे. या गावात मला एकच नाव आहे, मिस, आणि तेही तुझ्याच पिढीने ठेवलेलं.

शुक्रवारी संध्याकाळीच तुझा तपासणीचा अहवाल नगरपालिकेत पोचला. तिथल्या कारकुनाने मला तो दारात उभा राहूनच वाचून दाखवला. ‘शिकवले जाणारे शब्द मुलांच्या जीवनाशी संबंधित नाहीत. वर्ग चालू ठेवण्याची शिफारस करता येत नाही.’ कुणाला करता येत नाही, सिल्वाना? कर्ता कुठे आहे? आपल्या स्पॅनिशमध्ये कर्ता गिळला तरी चालतं, इंग्रजीत त्याच्याशिवाय वाक्य उभंच राहत नाही, हे मी तुला आठव्या वर्षी शिकवलं होतं. शनिवारी नगरपालिकेचा माणूस मोजपट्टी घेऊन आला. मे महिन्यापासून स्टेशनच्या प्रतीक्षालयात गटाराचे पाइप ठेवायचे आहेत म्हणे. माझी अकरा मुलं त्याच बाकांवर बसतात. निवृत्त झाल्यापासून अकरा वर्षं मी तिथे फुकट शिकवते आहे, आणि आजवर त्या खोलीची आठवण एका पाइपालाही झाली नव्हती.

इथे गाडी येत नाही हे मुलांना माहीत नाही, असं वाटतं तुला? रुळांत गुडघाभर गवत आहे आणि त्यात शेळ्या चरतात. सिस्टर ब्रिजेटनी आम्हाला कॉन्व्हेंटमध्ये इंग्रजी शिकवलं ते राजवाडे आणि धुकं यांच्यावरून. दोन्हींतलं काही आम्ही पाहिलं नव्हतं, शब्द नुसते जिभेवरून घरंगळत जायचे. मी ठरवलं होतं, शिकवायचं ते हात लावता येईल असं. फलाट, घंटा, बाक, तिकीटखिडकी. मूल घंटेवर हात ठेवतं, ‘बेल’ म्हणतं, आणि तो शब्द त्याचा होतो. गाडी एक असली की क्रियापदाला शेवटी ‘स’ लागतो, ‘द ट्रेन लीव्ह्ज’, आणि आम्ही तर शेवटचा ‘स’ जन्मापासून गिळणारी माणसं. तो ‘स’ बाहेर काढायला मला मार्च महिना पुरत नाही.

गुरुवारी मुलं किती रंगात होती ते तू पाहिलंस. निदान तुझे डोळे उघडे होते. सिरो तिकीटखिडकीत बसला होता, काकाची टोपी कानांवर घालून, आणि ‘सिंगल ऑर रिटर्न?’ म्हणून प्रत्येकाला दरडावत होता. कुणी ‘प्लीज’ विसरलं की "मग चालत जा!" तुलाही त्याने सोडलं नाही. "बाई, कुठे जायचंय? लवकर बोला, मागे रांग आहे!" सगळी हसली, तू खाली बघत राहिलीस. ती खिडकी तुझ्या वडिलांची होती. एव्हारिस्तोंनी तिथे एकवीस वर्षं तिकिटं दिली, आणि शाळा सुटली की तू त्याच खिडकीखाली बसून माझा गृहपाठ करायचीस. तू इन्स्पेक्टर होऊन येणार कळलं तेव्हा मला वाटलं होतं, ती खिडकी बघून तरी हसशील.

मग मी भूतकाळ घेतला. एलुनेय फळ्यापाशी गेली, नऊ वर्षांची आहे, जीभ माझ्यासारखी, आणि तिने लिहिलं, ‘वी लॉस्ट द ट्रेन’. आपली जुनीच चूक. वस्तू हरवली काय आणि गाडी चुकली काय, स्पॅनिशमध्ये क्रियापद एकच. मी ‘लॉस्ट’ खोडलं आणि ‘मिस्ड’ लिहिलं. तर ही बया कमरेवर हात ठेवून म्हणाली, "मिस, चुकलेली गाडी दुसऱ्या दिवशी तरी मिळते. आपली गेली ती गेलीच. म्हणजे हरवलीच ना?" सिरो आतून ओरडला, "मग जा की शोधायला, कंदील घेऊन!" वर्ग हसून लोळला. मीही हसले. आणि तुझी खुर्ची सरकल्याचा आवाज आला. दहा वाजून वीस मिनिटं.

शनिवारी तो मोजपट्टीवाला खोली मोजत होता आणि मी बाकावर बसून मनातल्या मनात थेट मंत्र्यांना पत्र लिहीत होते. चांगलं जहरी पत्र जमत होतं. फळा अजून पुसला नव्हता. एलुनेयचं वाक्य, त्यावर माझी रेघ. बघता बघता लक्षात आलं की ही रेघ मी आधीही एकदा मारलेली आहे. त्र्याण्णवचा मे. तुझं पत्र, चौकटीच्या वहीचं पान, मला दिलेल्या वचनाप्रमाणे सगळं इंग्रजीत. ‘डिअर मिस, आम्ही गाडी हरवली, घर हरवलं, बाबा बोलत नाहीत. तुम्ही स्टेशनवर का आला नाहीत?’ तू बारा वर्षांची होतीस. मी लाल पेनने सात चुका काढल्या, ‘लॉस्ट’च्या जागी ‘मिस्ड’ केलं, प्रश्नातला शब्दक्रम सुधारला, दहापैकी सहा गुण दिले आणि पान परत पाठवलं. खाली एक ओळ, ‘मला उशीर झाला.’ त्यानंतर तुझं पत्र आलं नाही. पोरगी शहरात जाऊन शेफारली, असं मी गावभर सांगत फिरले. तुझे वडील वारल्याचं मला दोन वर्षांनी कळलं, तेही बेकरीत.

हा ईस्टरआधीचा पवित्र सप्ताह आहे. सिस्टर ब्रिजेट असत्या तर मला कबुलीजबाबाला पाठवलं असतं, पण पाद्र्याला सांगून काय उपयोग, ऐकायचं तुला आहे. मला उशीर झाला नव्हता. मंगळवारी, ९ मार्च १९९३ ला, शेवटची गाडी संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी सुटली, आणि मी पाच वाजल्यापासून पाण्याच्या टाकीमागे उभी होते, तुझ्यासाठी आणलेला शब्दकोश छातीशी धरून. आदल्या आठवड्यात मी तुझ्या वडिलांना म्हटलं होतं, पोरीला माझ्याकडे ठेवा, मी शिकवते. त्यांनी टोपी काढली आणि म्हणाले, "मिस, गाडी गेली, नोकरी गेली, आता पोरगीही ठेवून जाऊ?" बरोबरच होतं त्यांचं. मला मात्र तो अपमान वाटला, आणि त्याहून खरं सांगायचं तर, तू माझी नव्हतीस हे मला सहन झालं नाही. तू शेवटच्या डब्याच्या खिडकीतून अर्धी बाहेर आली होतीस, आई तुला स्कर्टला धरून आत ओढत होती, आणि तू माझ्या घराच्या रस्त्याकडे बघत होतीस. मधे वीस पावलं होती. मी ती टाकली नाहीत. मी लपले. बघ, कर्ता लिहिला आहे. एलुनेयच्या वाक्यावर मी आज बरोबरची खूण केली. तुझ्या वाक्यावर ती बत्तीस वर्षं उशिरा करते आहे. वर्गाचं काय करायचं ते तू ठरव, पण माझ्यावरचा राग त्या अकरा जणांवर काढू नकोस. त्यांनी फक्त तुझंच वाक्य पुन्हा लिहिलं. मला उत्तर लेखी हवं, बुधवार, ३० एप्रिल, संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटांच्या आत. टपालावर भरवसा नसेल तर स्वतः घेऊन ये. मी पाच वाजल्यापासून फलाटावर असेन, घंटेखाली, रस्त्यावरून दिसेन अशी. चुका झाल्या तर होऊ देत. फक्त कर्ता गाळू नकोस.

तुझीच,
मिस