संतोषची ओटी

८ जानेवारी
माझा आणखी एक रिपोर्ट आला. नॉर्मल. डॉक्टरबाईंनी नेहमीचाच प्रश्न विचारला, "आणि मिस्टरांची तपासणी?" मी नेहमीसारखी भिंतीवरच्या गुटगुटीत बाळाच्या चित्राकडे बघायला लागले. शेजारून संतोष म्हणाला, "कुठं करायची सांगा. करतो."
बस, एवढंच. याच माणसाला दाढ दुखत असताना डॉक्टरकडे न्यायला मला आठवडाभर भांडावं लागलं होतं. रिक्षात त्याच्याकडे बघत बसले. "काय झालं?" म्हणाला. काही नाही म्हटलं.

१२ जाने.
नमुना तासाभरात लॅबला पोचवायचा, गार होऊ द्यायचा नाही. संतोषनं डबी बनियनच्या आत पोटाशी धरली, स्कूटर मी चालवली. सेव्हन हिलच्या सिग्नलला आमच्या शाळेचे देशमुख सर भेटले. "काय संतोषराव, पोट दुखतंय का?"
"व्हय सर, लई."
लॅबपर्यंत हसत गेलो. 

१३ जाने.
शुक्राणू कमी. आहेत तेही सुस्त. संतोषनं कागद वाचला, घडी घातली, पुन्हा उघडून वाचला. जेवला नाही. गच्चीवर जाऊन पाण्याची टाकी घासत बसला, इतक्या थंडीत. मी खालून बादल्या पोचवत राहिले. दुसरं काय करणार.

२० जाने.
पुरुषांच्या या दुखण्याचे डॉक्टर. शांत माणूस. एका रिपोर्टवर ते विसंबत नाहीत, काही आठवड्यांनी पुन्हा तपासायचं म्हणाले. लहानपणी गालगुंड झालं होतं का, तंबाखू खाता का, काम कुठं. शेंद्र्याच्या कारखान्यात, भट्टीवर, संतोष म्हणाला. तपासून सांगितलं, अंडकोषाच्या शिरा फुगल्यात, रक्त साचून तिथली उष्णता वाढते. वर भट्टीची धग. छोटं ऑपरेशन करता येईल. गुण आला तर तीन-चार महिन्यांनी कळेल, नवे शुक्राणू तयार व्हायला तेवढा वेळ लागतोच. खात्री नाही. नाही जमलं तर पुढचे उपाय आहेत.
संतोषनं एवढंच विचारलं, "म्हणजे हिच्यात काही नाही ना?"
"नाही."
रडू आलं, रागही आला. इतकी वर्षं गोळ्या मी गिळल्या.

२६ जाने.
सासूबाई पिशोरहून आल्या, नेहमीसारखं मला वेरूळला नेलं. महादेवासमोर नमस्कार, मग बाहेर ओटी. नारळ पदरात घालून ठरलेलं वाक्य, "एकटीनंच खायचं, कुणाला द्यायचं नाय. फळ वाटलं की फळत नाय." तीन वर्षं हे खोबरं खातेय, आता वाससुद्धा नको होतो. त्यांना अजून काही सांगितलेलं नाही. संतोष म्हणतो, मीच सांगेन. कधी, ते सांगत नाही.

४ फेब्रु.
पिशोर. नणंदेचं, म्हणजे सुनीताचं डोहाळजेवण. बायका एकेक करून तिची ओटी भरत होत्या. माझी पाळी आली तशी चुलत सासू हळूच म्हणाल्या, "हिला राहू द्या." मी ताट खाली ठेवलं. सवय आहे.
संतोष पाण्याची कळशी घेऊन दारात उभा होता. तसाच आत आला, बायकांच्या मधोमध.
"काकू, दोष माझ्यात निघालाय. हिच्यात काही नाय. डॉक्टरनं सांगितलंय. पुढच्या आठवड्यात माझं ऑपरेशन आहे."
 त्याचे कान लाल झालेले, कळशी अजून खांद्यावरच. सुनीतानंच पदर पसरला. "वहिनी, ये की. पाय दुखायलेत माझे."
भरली मी ओटी. तांदूळ निम्मे खाली सांडले. सासूबाई दिवसभर माझ्याशी बोलल्या नाहीत, त्याच्याशीही नाही.
मला हा माणूस फार आवडतो. इथं लिहून ठेवते, तोंडावर सांगितलं तर डोक्यावर बसेल.

१३ फेब्रु.
ऑपरेशन नीट झालं. संध्याकाळी घरी. पाय फाकवून चालतो, हसू नको म्हणतो. हसले.

१ मार्च
दुसराही रिपोर्ट तसाच होता, तो ऑपरेशनच्या आधीचा. आता वाट बघायची. संतोषनं भट्टीवरून मालाच्या गोदामात बदली मागितली, कारण विचारलं तर खरं सांगितलं. साहेब चक्रावले. जेवणाच्या सुट्टीत एकानं बाजूला घेऊन डॉक्टरांचा नंबर मागितला. "माझ्या एका मित्राला पाहिजे." आज आणखी एक मित्रवाला. संतोष दोघांनाही सोबत जायला तयार आहे.

१९ मार्च
डोहाळजेवणानंतर सासूबाईंचा पहिला फोन. मलाच केला. "त्या डाक्टरनं काय सांगितलं, नीट सांग बरं." सगळं सांगितलं, शिरांसकट.  मग म्हणाल्या, "लेकराला भट्टीवर मीच लावलं गं. पगार चांगला म्हनून." तुम्हाला कसं कळणार, म्हटलं. आणि खरंच तसं वाटलं मला.

१५ जून
आज तपासणीचा नमुना दिला. रिपोर्ट उद्या. सासूबाई काल रात्रीच येऊन थांबलेल्या. लॅबमधून थेट वेरूळ, या वेळी तिघं. गाभाऱ्यात पुरुषांना सदरा काढून जावं लागतं. संतोष दर्शन घेऊन बाहेर आला तो उघडाच, सदरा हातात. सासूबाईंनी नारळ माझ्याकडे आणला नाही.
"सदरा पसर."
"कुणाचा?"
"तुझाच. आता तुझी भरायची."
आजूबाजूला माणसं बघत होती. संतोषनं दोन्ही हातांनी सदरा पसरला. त्यांनी नारळ घातला, तांदूळ घातले, त्याच्या कपाळाला कुंकू लावलं. "एकट्यानंच खायचं. हिला द्यायचं नाय."  मग माझा हात धरून पायऱ्या उतरल्या.
त्या परस्पर पिशोरच्या गाडीत बसल्या. घरी आल्यावर संतोषनं नारळ फोडला, स्वतः खोबरं काढलं आणि दोन वाट्या घेऊन आला. मी म्हटलं, आईंनी काय सांगितलंय? फळ वाटायचं नसतं.
"तीन वर्षं एकटीनं खाल्लंस ना," म्हणाला, आणि मोठी वाटी माझ्याकडे सरकवली.
खाल्लं. या खेपेला वास आला नाही.