सांबाराची जुडी

आई, तुला जाऊन इतकी वर्षं झाली की वयानं मी आता तुझ्या पुढे निघून गेले आहे. रीतीनं पाहिलं तर तूच मला ताई म्हणायला हवंस. पण आज तुला काही सांगायचं आहे, आणि ते सांगायचं तर पुन्हा तुझी मुलगीच व्हावं लागेल. संक्रांत नुकतीच झाली. या वर्षी भोपाळची थंडी हट्टाला पेटली आहे, सकाळी अरेरा कॉलोनीतल्या आमच्या गच्चीवरून समोरचं घरसुद्धा दिसत नाही. आणि अशा धुक्यात मी रोज उठून चालायला जाते. जिला उठवायला तुला पांघरूण ओढून न्यावं लागायचं, तीच मी. हसशील हे मला माहीत आहे, पण आधी सगळं ऐकून घे.

तुझे हिवाळे मला आठवतात. टी. टी. नगरातला आपला सरकारी क्वार्टर, मागच्या अंगाला स्वयंपाकघर, आणि त्यात तू. दिवाळीची आवराआवर संपून दिवस लहान झाला की तू हळूहळू गप्प होत जायचीस. आजारी नसायचीस. ताप नाही, खोकला नाही. पोळ्या व्हायच्या, डबे भरले जायचे, माझ्या वेण्या घातल्या जायच्या. पण बाबा कचेरीत गेले की तू विझलेल्या शेगडीपुढे पाटावर बसून राहायचीस. मी शाळेतून येते आहे, दप्तर टाकते आहे, आणि तू तिथंच आहेस, शेजारी डाळ निवडायची ताटली, आणि डाळ सकाळी होती तशीच. बाबा म्हणायचे, "नागपूरची आठवण येऊन राहिली असेल." कचेरी नागपूरहून इकडे हलली तेव्हा तुम्ही दोघं आलात, आणि तेव्हापासून घरातल्या प्रत्येक दुखण्याला बाबांचं हेच निदान असे. तूही हो म्हणायचीस, कारण दुसरं काय म्हणायचं ते तुलाही ठाऊक नव्हतं.

मग नाताळच्या सुट्टीतली ती सकाळ. शेजारच्या चाची दारात येऊन म्हणाल्या, "भाभी, ज़रा-सा हरा धनिया होगा क्या?" आपल्याकडे नव्हता. एरवी तू नाही म्हणून मोकळी झाली असतीस. त्या दिवशी काय मनात आलं कोण जाणे, "अभी लाती हूँ" म्हणालीस, खुंटीवरची थैली काढलीस आणि निघालीस. आलीस ती बराच वेळ लावून, सांबाराची जुडी घेऊन. कोथिंबिरीला आपण घरात नागपूरच्या रिवाजानं सांबारच म्हणायचो; पुण्याकडून बदलून आलेली बिऱ्हाडं त्यावरून हसायची, हसोत बापडी. तुझ्या नाकाचा शेंडा लाल झाला होता. आणि त्या दिवशी मी शाई सांडली तेव्हा तू माझ्यावर ओरडलीस. कितीतरी दिवसांनी ओरडलीस. मला इतकं बरं वाटलं की थोड्या वेळानं मी मुद्दाम पुन्हा सांडली.

दुसऱ्या दिवशी चाचींनी काही मागितलं नव्हतं, तरी तू थैली घेतलीस. तिसऱ्या दिवशीही. तेव्हा आपल्या ओळीतली बाई कामाशिवाय उंबरा ओलांडत नसे. पुरुष "जरा फिरून येतो" म्हणून सुटत, बाईला मात्र "किधर चलीं?" याचं उत्तर हातात धरून निघावं लागे. तुझं उत्तर सांबार. एका रविवारी मी हट्टानं तुझ्याबरोबर आले. भाजीवाला कोपऱ्यावरच बसला होता, त्याच्यापुढे ताज्या जुड्यांचा ढीग. तू त्याच्याकडे पाहिलंही नाहीस. "इथला जून असतो," म्हणालीस आणि पदर खोचून जवाहर चौकाच्या दिशेनं अशी सुटलीस की मला जवळजवळ पळावं लागलं. जाताना एक शब्द नाही. चौकात जुडी घेतलीस, आणि परतताना सरळ रस्ता सोडून लांबच्या रस्त्यानं वळलीस. मग बोलायला लागलीस. माझ्या बाईंबद्दल विचारलंस, तुझ्या शाळेतली एक गंमत सांगितलीस, मधेच थांबून उन्हाकडे तोंड करून उभी राहिलीस. घराजवळ आल्यावर म्हणालीस, "बाबांना सांगू नकोस आपण कुठून आलो ते."

घरात मग सांबाराशिवाय काही राहिलंच नाही. आमटीवर सांबार, पोह्यांवर सांबार, आणि एक दिवसाआड सांबारवडी. पहिल्या आठवड्यात बाबा वड्यांवर खूश होते, पुढं त्यांनी डबा उघडताना उसासा टाकायला सुरुवात केली. एकदा चिडलेच. "घरात जुडी सडून राहिली आहे आणि तू रोज नवी आणतेस. काही ताळतंत्र?" तू मान खाली घालून वडी तळत राहिलीस. बाबा माणूस प्रेमळ, पण त्यांचं डोकं नाकासमोर चालणारं. बायकोला रोज सांबार लागतो आणि त्यासाठी ती बिचारी थंडीत पायपीट करते, असा त्यांनी अर्थ लावला, आणि कुणाला न सांगता मागच्या अंगणात वाफा केला. धने चपलेखाली रगडून पेरले, रोज कचेरीतून आल्यावर पाणी घातलं. आपल्याला वाटलं, पालक लावत असतील. वाफा हिरवागार झाला तेव्हा त्यांनी तुला हाताला धरून मागं नेलं आणि म्हणाले, "घे. आता कुठं जायची गरज नाही."

तुझा चेहरा मी पाहिला, आई. "छान आला आहे," एवढंच म्हणालीस. पुढचे काही दिवस थैली खुंटीवरच राहिली. मी शाळेतून येते तर पाट, शेगडी, ताटली, आणि डाळ तशीच. मला लहान वयातही कळत होतं की बाबांनी इतक्या मायेनं तुझी वाट बंद केली आहे की तुला तक्रारसुद्धा करता येत नव्हती.

आणि मग तू तोड काढलीस. त्याचा मला आजही अभिमान वाटतो. एका सकाळी वाफ्यात बसून तू सांबार खुडलास, दोऱ्यानं छोट्या छोट्या जुड्या बांधल्यास, थैली भरलीस आणि वाटायला निघालीस. चाचींना दिलास, पुढच्या ओळीत दिलास, मग ओळखीच्या ओळखीत, मराठी घरं, हिंदी घरं, जितकं लांब घर तितकं चांगलं. बाबांना उलट कौतुक वाटत होतं की आपल्या वाफ्याचं नाव निघालं. पण रोज खुडायला वाफा पुरणार किती? एक दिवस नुसती माती उरली. त्या सकाळी तू पायात बूट घातलेस, माझे जुने शाळेचे कॅनव्हासचे, आणि थैली घेतलीच नाहीस. बाबांनी विचारलं, "आता काय आणायचं आहे?"

"काही नाही," तू म्हणालीस. "फिरायला जाते. हिवाळ्यात माझं मन खचतं. चालले की सावरतं."

तू हे सहज म्हटलं नव्हतंस, दाराची कडी धरून म्हटलं होतंस. मला वाटलं, बाबा आता रागावतील. त्यांनी मागच्या वाफ्याकडे पाहिलं, तुझ्या बुटांकडे पाहिलं, मग गळ्यातला मफलर काढून तुझ्यापुढे धरला. म्हणाले, "कान बांधून जा. वारा आहे." त्यानंतर ओळीत कुणी विचारलं की "किधर चलीं?" तर तू "घूमने" म्हणायचीस. पुढच्या हिवाळ्यात चाचीही तुझ्याबरोबर जायला लागल्या.

आता माझं ऐक. मागच्या वर्षी मी नोकरीतून निवृत्त झाले. सगळे म्हणाले, आता आराम. आरामानंच घात केला म्हण. थंडी सुरू झाली आणि मला सकाळी उठावंसं वाटेना, फोन घ्यावासा वाटेना. आमचे हे दोनदा विचारून गेले, "काय होतंय तुला?" मी म्हटलं, "काही नाही, थंडी आहे." मग एका दुपारी मेथी निवडायला घेतली होती, आणि भानावर आले तेव्हा ऊन खिडकीतून सरकून गेलेलं होतं आणि मांडीवरची मेथी तशीच. मला एकदम तुझी ताटली दिसली. मी मेथी खाली ठेवली आणि बूट शोधायला लागले. तुला हे कुणी शिकवलं नव्हतं, तू स्वतः वाट काढलीस. मला निदान रस्ता माहीत होता.

आता तर सगळी कॉलोनीच चालते. आमच्या बागेत पहाटे जत्रा असते, रंगीत बूट, कानात गाणी. कुणी कुणाला कुठं चाललात म्हणून विचारत नाही. विचारतात ते वेगळंच. पहिल्याच दिवशी आमच्या टोळीतल्या म्होरक्या बाई, सगळ्या त्यांना प्रिन्सिपल मॅडम म्हणतात, मला म्हणाल्या, "आपको क्या है? शुगर या घुटना?" मी म्हटलं, "शुगर." तोंडातून निघूनच गेलं. मला शुगर कधीच नव्हती, आई. तुझ्यासारखंच मीही हातात काहीतरी धरून निघाले. मग त्याचे परिणाम भोगले. कुणाच्या घरी चहा झाला की माझा फिका. वाढदिवसाची बर्फी माझ्यासमोरून पुढच्या हातात. प्रिन्सिपल मॅडमनी तर माझ्यासाठी मेथीदाण्याची पुडी आणून दिली आणि भिजवून खाल्ले का म्हणून रोज विचारू लागल्या. सांबारवडीचा कंटाळा आलेले बाबा मला तेव्हा फार जवळचे वाटले.

संक्रांतीच्या सकाळी बागेत तिळाचे लाडू आले. डबा फिरत माझ्यापाशी आला, आणि मॅडमनी तो हळूच उचलून पलीकडच्या बाईंपुढे धरला. "इनको नहीं, इनको शुगर है." सगळ्या मायेनं माझ्याकडे पाहत होत्या. मला वाटलं, हाच तो वाफा. इतक्या प्रेमानं माझ्याभोवती कुंपण घातलं जातंय आणि मी माना डोलवते आहे. हात बाकाच्या पाठीला टेकलेला होता, तो घट्ट धरला आणि म्हटलं, "मुझे शुगर नहीं है. जाड़े में मेरा मन बैठ जाता है. चलती हूँ तो सँभल जाता है." माझे कान तापले. मॅडमनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं, शाळेत पाहत असतील तसं. मग डबा परत ओढून घेतला आणि एक नाही, दोन लाडू माझ्या हातावर ठेवले. "तो फिर खाइए. इतने दिन मेथी क्यों चबाती रहीं?" थोड्या वेळानं चालता चालता, माझ्याकडे न पाहता, म्हणाल्या, "कल से उस तरफ़ से चलेंगे. उधर धूप पहले आती है." पुढच्या दिवसापासून आम्ही त्या बाजूनंच जातो.

मला माझा अभिमान वाटला, आई. उगाच विनयानं कशाला सांगू? तू कडी धरून म्हणालीस, मी बाक धरून म्हणाले, पण आपण दोघींनी म्हटलं. घरी येताना मी मुद्दाम रिक्षा केली आणि टी. टी. नगरावरून वळसा घेतला. आपले क्वार्टर केव्हाच पाडले, तिथं आता उंच इमारती आहेत, वाफ्याची जागा कुठली तेही कळलं नाही. म्हणजे हे पत्र टाकायचं तर पत्ताही उरला नाही. राहील माझ्याकडेच, स्वेटरांच्या कप्प्यात.

एक गोष्ट मात्र तुझ्यापासून लपवत नाही. बागेत मी शूर झाले ते हिंदीत. बाहेरची भाषा आहे, बाहेरच्यांशी बोलायला बरी पडते. घरात, मराठीत, ते वाक्य मी अजून कुणाला म्हटलेलं नाही. हे आतल्या खोलीत बसले आहेत, त्यांना मी गुडघ्यांचं कारण सांगितलं आहे, तेच त्यांना अजून खरं वाटतं. जीभ जड होते ग. म्हणून आधी तुला म्हणून पाहते. आई, हिवाळ्यात माझं मन खचतं. चालले की सावरतं. उद्या सकाळी निघताना, दाराची कडी धरून, ह्यांनाही सांगेन. तू काळजी करू नकोस. कान बांधून जाते.