माझा बॉयलर बंद करणारी मुलगी

नाना, गेल्या आठवड्यात सरकारी खात्यानं माझा कारखाना बंद केला आणि तेव्हापासून तुमची फार आठवण येतेय. तुम्ही गेल्यानंतर मी दिंडोरीजवळ टोमॅटोची प्युरी करायला लागले. बॉयलर तपासणाऱ्याची लेक बॉयलरची मालकीण झाली, हे ऐकून तुम्ही आधी हसला असता आणि मग सेफ्टी व्हॉल्व्ह कधी तपासलास, असं विचारलं असतं.

सातपूरच्या मिठाईच्या कारखान्याचा बॉयलर तुम्ही ऐन दिवाळीत बंद केलात, तो दिवस मला लख्ख आठवतो. मालक थेट आपल्या स्वयंपाकघराच्या दारात उभा. "साहेब, एवढी दिवाळी जाऊ द्या, मग सगळं नवीन बसवतो." त्याच्या मागे कामगार बायका. त्यातली एक म्हणाली, "साहेब, आमची चूल बंद केली तुम्ही." तुम्ही तिला पाणी दिलंत आणि म्हणालात, "बाई, तो फुटला तर सगळ्यात आधी तुम्हीच समोर असणार." ती चिडूनच गेली. पुढे व्हॉल्व्ह बदलला, कारखाना सुरू झाला, काहीच घडलं नाही. आणि काहीच घडलं नाही, म्हणून तुमचं बरोबर होतं असंही कुणी म्हणालं नाही. धंद्यात पडल्यावर मलाही वाटायचं, हे खातं लोकांना वाचवतं की नुसतं आम्हाला नाचवतं? चहा पिऊन, बॉयलरकडे न बघता सही करणारेही मी पाहिलेत.

गेल्या आठवड्यात खात्याकडून तपासायला आलेली ही मुलगी मात्र चहाला नको म्हणून सरळ बॉयलरपाशी गेली. वाफ चढवायला लावली. दाबाचा काटा लाल रेघेच्या पुढे सरकला तरी जादा वाफ सोडणारा सेफ्टी व्हॉल्व्ह उघडला नाही. "भट्टीतली आग काढा," ती म्हणाली. गेटबाहेर टोमॅटोच्या गाड्यांची रांग. आमचा मॅनेजर हात जोडतोय, "मॅडम, सीझन हाय, दोन दिवस द्या ना. माल सडंल सगळा." ती माझ्याकडे वळली. "या भिंतीपलीकडे कोण असतं?"

पलीकडे पेठ तालुक्याकडून मजुरीला आलेल्या बायका टोमॅटो निवडतात. भिंत उबदार असते, म्हणून लेकरांच्या झोळ्या तिथंच बांधतात. मी तिथून रोज जाते. त्या क्षणी एका झोळीत बाळ झोपलेलं होतं.

"आग काढा," मी मॅनेजरला म्हणाले आणि पलीकडे जाऊन त्या बाळाला आईकडे दिलं, सगळ्यांना बाहेर काढलं. गाड्या परत गेल्या. शेतकरी वाट्टेल ते बोलले, ते ऐकून घेतलं. बॉयलर गार झाल्यावर फिटरनं व्हॉल्व्ह खोलला, तर आतून गंजून घट्ट बसलेला.

नाना, कायदा कागदावर कुणालाच वाचवत नाही. शिव्या खात कुणालातरी तिथं उभं राहावं लागतं. तुम्ही राहिलात, ही पोरगी राहिली. निघताना तिनं विचारलं, "तुमच्या घरी कुणी या कामात होतं का?" मी नाही म्हणाले. तुमचं नाव सांगून तिची मर्जी मिळवल्यासारखं झालं असतं. पण खरं सांगते, ते नाव अगदी ओठांवर आलं होतं. कुणालाच सांगता आलं नाही, म्हणून इथं लिहिलं. हे कुठल्या पत्त्यावर टाकणार?