तुझ्या इग्वाना-साहेबांचा पाहुणचार

तीर्थरूप दादास,

धाकट्या बहिणीचा वाकून (कंबर झेपेल तितकंच) नमस्कार. गुडघा कसा आहे? वॉर्डातल्या नर्सबाई फोनवर म्हणाल्या की तू स्वतः चालायचा व्यायाम टाळतोस आणि शेजारच्या पेशंटला तो शिकवतोस. शनिवारी सोडणार म्हणे तुला, आणि तू थेट तुझ्या तिसऱ्या मजल्यावर जाणार. लिफ्ट नाही, जिन्याला कठडा एकाच बाजूला. पण माझ्याकडे राहायला ये म्हटलं की चार वर्षं तू हवापाण्याचं बोलतोस. असो. तुला साहेबांची खुशाली हवी आहे, ती देते.

तुझे साहेब (पाळलेल्या इग्वानाला हे नाव ठेवण्याइतका तुझा ऑफिसवर राग होता, हे मला ठाऊक नव्हतं) पहिल्याच सकाळी मागच्या खोलीत दिव्याच्या उबेला बसले आणि माझ्याकडे बघून त्यांनी दोनदा मान हलवली. मला भरून आलं. हे गेल्यापासून या घरात माझ्या बोलण्याला मान डोलावणारं कुणी नव्हतं. (हे असतानाही नव्हतं, तो भाग वेगळा.) आणि कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरनी आम्हाला काय शिकवलं होतं? कुणी मान लववली की आपण थांबून, टाचा जुळवून, तितक्याच आदरानं लववायची. मी लववली. त्यांनी चारदा हलवली. मीही चारदा. रोज सकाळी चहाचा कप हातात घेऊन आमचा हा कार्यक्रम चालायचा. आठवडाभरात ते गळ्याखालची झालर पसरून, अंग फुगवून दुप्पट दिसायला लागले. मला वाटलं, माझ्या हातचं खाणं मानवलं. दहाव्या दिवशी शेपटीचा असा फटका दिला की पाल्याची ताटली कपाटावर जाऊन बसली. अजून तिथेच आहे.

त्यात त्यांना शिंका सुरू झाल्या, त्यांच्या पेटीच्या काचेवर पांढरे ठिपके. मी सर्दी समजून पेटीजवळ वाफेचं भांडं ठेवलं आणि धीर द्यावा म्हणून त्यांच्या डोक्यावरून हात फिरवायला गेले. साहेब पडद्यावर. पडद्यावरून दांडीवर. मग दांडीसकट माझ्या खांद्यावर.

प्राण्यांचे डॉक्टर आले. वयानं लहान आहेत, पण बोलणं मध्येच तोडत नाहीत. म्हणाले, सर्दी नाही, हे प्राणी अंगातलं जास्तीचं मीठ नाकावाटे शिंकून टाकतात. आणि त्यांच्या माथ्यावर एक तिसरा डोळा असतो. त्याला फक्त उजेड आणि सावली कळते, त्यामुळे वरून हात आला की घार आली असं वाटतं. (सासरी मला पुष्कळ नावं ठेवली गेली. घार कुणी म्हटलं नव्हतं.) मग मी मोठ्या कौतुकानं आमच्या रोजच्या मान डोलावण्याचं सांगितलं. डॉक्टरांनी चष्मा काढला आणि उगाचच पुसला.

"काकू, तो होकार नाही. तो म्हणतोय, ही जागा माझी आहे, तुम्ही निघा."

"आणि मी काय म्हणत होते?"

"या, बघून घेते."

दहा दिवस, दादा. टाचा जुळवून.

आता मी मान ताठ ठेवून खोलीत जाते. लग्नाच्या सदतीस वर्षांत जे जमलं नाही ते एका सरड्यानं शिकवलं. डॉक्टरांच्या मते पेटीही लहान होती, यांना चढायला उंच जागा लागते, म्हणून सुताराला बोलावून तेही केलं. एकूण, मी या प्राण्याला कंटाळले आहे. खांदा दुखतो म्हणून इथेच थांबते.

तुझी,
धाकटी

ता. क. नवी पेटी छताला भिडते. सुतारानं ती खोलीतच उभी केली. ती दारातून बाहेर निघणार नाही हे त्याच्या काम संपल्यावर लक्षात आलं, माझ्या काम सांगतानाच.

ता. क. २. कंटाळल्याचं वाक्य खोडायचं राहिलं. या घरात कुणीतरी आपल्यावर रागावलेलं असणं किती बरं वाटतं, हे मी विसरूनच गेले होते.

ता. क. ३. पेटीशेजारी, उन्हाच्या बाजूला, तुझी खाट टाकली आहे. शनिवारी टॅक्सीवाला तुला घ्यायला येईल. त्याच्याशी हुज्जत घालू नकोस, त्याला मी एकच पत्ता दिलाय.