भाड्याचा सूट आणि माझी नळी

३ मे, सकाळ
सेवास्तीला नोकरी लागली. मिनेसोटात. तिथे म्हणे समुद्रच नाही. माझ्या नातीनं बिनसमुद्राच्या गावी जावं हे मला पटलेलं नाही, पण पोरगी खूश आहे, म्हणून मीपण खूश. आणि जाण्याआधी ती मला क्रूझवर नेणार! टँपाहून बोट, तिसऱ्या दिवशी मेक्सिकोतलं कोझुमेल बेट, तिथे आम्ही दोघी पाण्याखाली. लहानपणापासून तिनं माझ्या समुद्राच्या तळावरून स्पंज काढायच्या गोष्टी ऐकल्या. पाण्याखाली मला पाहिलं मात्र एकदाही नाही. तिला वाटतं आजी वाढवून सांगते. आता बघेल.

५ मे
भांडण झालं. सेवास्ती म्हणते, "आजी, पाण्याखाली जायचं सामान तिथेच भाड्यानं मिळतं. हात हलवत जायचं, हात हलवत यायचं." मी म्हटलं, शंभर जणांनी तोंडात धरलेलं मी तोंडात धरू? आमच्या टार्पन स्प्रिंग्स गावचे स्पंजवाले सख्ख्या भावाचा रबरी सूट घालत नाहीत. पाण्यात तासन्‌तास राहिलं की माणूस सूटमध्ये काय काय करतो ते मला ठाऊक आहे. मीही केलंय.
निश्चय: सगळं घरचं न्यायचं.

६ मे, दुपार
पोटमाळ्यावरून काढलं. मिकेसनं स्वतः ओतलेला शिशाचा पट्टा (नवरा तापट होता, पण हात सोन्याचे), शिशाच्या तळव्यांचे बूट, माझा सूट आणि नळी. नळीचं एक टोक बोटीवरच्या हवेच्या यंत्राला, दुसरं तोंडात, मग तळाशी चालत जायचं आणि स्पंज कापायचे. एकोणीस वर्षं केलं. मला पोहता येत नाही, पण त्याचा इथे काय संबंध?
सूट मांड्यांच्या वर येईना. रबर आकसतं. सेवास्ती म्हणाली, "हो आजी, फक्त कमरेपाशीच आकसलंय बघ."
आजपासून रात्रीचं जेवण बंद.

६ मे, रात्र
जेवले. वांगी होती.

९ मे, टँपा बंदर
हमालाला माझी बॅग उचलेना. म्हणाला, "मावशी, आत नवरा आहे का?" मी म्हटलं, नवरा नाही रे, त्याचं शिसं आहे. मग तो आणि अजून एक असे दोघे लागले. सेवास्तीची बॅग एवढीशी, पाठीला अडकवायची. मला हसते. हसू दे.

१० मे, भर समुद्र
बोट म्हणजे गावच. सकाळी तीन प्रकारचे पाव खाल्ले. ऑक्टोपस मात्र चपलेसारखा. आचाऱ्याला समजावून सांगितलं की आधी दगडावर आपटायचा असतो, चाळीस वेळा. तो हो हो म्हणाला. गोड मुलगा, लग्न व्हायचंय.
पांढऱ्या कपड्यातल्या साहेबाला विचारलं, एवढी मोठी बोट, तुमचं हवेचं यंत्र कुठे? नळी लावून बघायची होती. तो म्हणाला, "आजी, आमच्याकडे हवा फक्त एसीची." शिकलेली माणसं! असो, कोझुमेलला असेलच.

११ मे, सकाळ, कोझुमेल
नाही.
डायव्हिंगच्या दुकानातला विल्बर्ट भला माणूस, पण नियमांचा. म्हणाला, "डायव्हिंग शिकल्याचं कार्ड?" कसलं कार्ड? आमच्याकडे कार्ड कधी कुणी मागितलं नाही, बोटीवरून ढकलत. मग म्हणाला, "पोहता येतं?" मी म्हटलं, मी चालते. त्यानं सेवास्तीकडे पाहिलं, सेवास्तीनं आभाळाकडे. नळी पाहायला मात्र आतली सगळी माणसं बाहेर आली, एकानं फोटो काढला.
शेवटी ठरलं, कार्ड नसलेल्यांसाठी उथळ पाण्यात धडा असतो, तो घ्यायचा. सामान त्यांचंच घ्यावं लागतं. सेवास्तीकडे कार्ड आहे, तिला पलीकडच्या मोठ्या खडकांवर जाता येतं. मी म्हटलं, जा, पण आधी माझं चालणं बघ. "बघते गं," म्हणाली.
सूट भाड्यानं घेतलेला नाही. घालून पाहिला, इतकंच. पहिल्या झटक्यात वर आला. यांचं रबर चांगलं असतं.

११ मे, संध्याकाळ
चालले! तेवीस वर्षांनी! बाकीचे लोक फुग्यासारखे तरंगत होते, मी मात्र वाळूवर सरळ, ताठ, एकटी. विल्बर्टनं माझा हात धरला नाही, पुढून नुसत्या खुणा करत होता. पाठीवर हवेची टाकी असूनही तोल गेला नाही. वीस मिनिटं तरी असेन.
एक चूक झाली. वाटेत छान स्पंज दिसला, हात आपोआप गेला. विल्बर्टनं बोटांवर फटका मारला. तिथे काहीच तोडायचं नसतं म्हणे. मग सगळ्यांना वर काढलं.
आणि सेवास्ती? एकदाही दिसली नाही. मी पुढे पाहिलं, डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. गेली असणार खडकांवर, रंगीत मासे बघायला. ज्याच्यासाठी आले तेच राहिलं. वर आल्यावर विचारते, "कसं वाटलं, आजी?" तू होतीस कुठे, म्हणणार होते, पण म्हटलं नाही. जेवताना बोलले नाही. गोडाचं मात्र खाल्लं.

१३ मे
घरी. थोडी बोलले. ती सामान बांधतेय.

१९ मे
गेली मिनेसोटाला. चर्चमध्ये सगळ्यांना सांगितलं, एकटी चालले, वीस मिनिटं.

२१ मे
कोझुमेलच्या दुकानानं व्हिडिओ पाठवला. सहा मिनिटांचा आहे, पहिल्यापासून शेवटपर्यंत.
मी आहे. ताठ वगैरे नाही. पाय वाळूला टेकतच नाहीत, हवेत सायकल चालवल्यासारखे हलतायत. आणि माझ्या मागे, दोन्ही हातांनी माझी टाकी धरून, मांजरीनं पिल्लू न्यावं तशी मला पुढे नेतेय ती सेवास्ती. सहाही मिनिटं. खडकांकडे तिनं मानसुद्धा वळवलेली नाही.
चार वेळा पाहिला. शेजारणीला दाखवला नाही.
सेवास्तीला फोन लावला. तिथे थंडी आहे का विचारलं. आहे म्हणाली. जेवलीस का विचारलं. जेवले म्हणाली. मग मी म्हटलं, तुझ्या त्या दुकानाचा भाड्याचा सूट बरा होता हं.
ती इतकी हसली की मला फोन कानापासून लांब धरावा लागला.