मिश्री म्हणजे तंबाखू नव्हे

५ ऑक्टोबर १९७९
उजव्या हाताची थरथर वाढली. पार्किन्सन्स. मुंबईचे सर्जन कवटीला बारीक भोक पाडून आत सुई घालतात, हात थांबतो. जानेवारीत बोलावलंय. फेब्रुवारीत सूनबाईचे दिवस भरतील. बाळाला क्रोशाचं टोपडं माझ्याच हातचं. पाचगणीच्या कॉन्व्हेंटात सिस्टर ॲग्नेसनी शिकवलेला शिंपल्यांचा नमुना. निम्मं झालंय. ऑपरेशननंतर उरलेलं आठवड्यात होईल.

९ ऑक्टोबर
महाडच्या डॉक्टरांनी प्रेशर बघितलं. बरंच चढलंय. मेंदूतल्या रक्तवाहिन्या धड असतील तरच ऑपरेशन यशस्वी होतं म्हणाले. मीठ कमी, लोणचं बंद, तंबाखू पूर्ण बंद. मी सांगितलं, तंबाखूला जन्मात शिवले नाही. ह्यांना उगाच ठसका लागला.

१० ऑक्टोबर
हे म्हणतात, मिश्रीचं का लपवलंस? लपवलं कुठे? तंबाखू चघळतात. मिश्री दाताला लावतात, म्हणजे टूथपावडर. सिस्टर ॲग्नेस प्रार्थनेआधी रोज आमचे दात तपासायच्या. लहानपणची स्वच्छता अशी सुटत नाही. भांड्यांना येणाऱ्या राहीबाईने तव्यावर ताजी भाजली. हे अंगणात जाऊन बसले.

२ नोव्हेंबर
तरी निश्चय केला, मिश्री निम्म्यावर. सकाळी, जेवणानंतर, चहानंतर. दुपारची धरत नाही, ती राहीबाईला सोबत म्हणून. राहीबाई कापडे गावची, तोंडाने फटकळ. हाताचं गाऱ्हाणं केलं तर म्हणाली, "मिशरीला बरा हाय की गो बाय. बोट आपसूक फिरतं."
तसं खरं आहे.

१८ नोव्हेंबर
आंब्याचं लोणचं बंद केलं. मिरचीचं चालू. कोणतं ते डॉक्टर बोलले नव्हते.
अक्षर बारीक होत चाललंय. कागद वाचतो.

६ डिसेंबर, दुपारी
टोपड्याचे चार टाके घातले, सहा उसवले. मघाशी डावा पाय बधिर झाला आणि राहीबाईचं नाव आठवेना. थोड्या वेळाने सगळं ठीक. बसणं चुकलं असणार. ह्यांना सांगितलं नाही, घाबरतात.

१४ जानेवारी १९८०, मुंबई
सर्जनवर छाप पडावी म्हणून निघताना दोनदा मिश्री लावली. मानेत सुई टोचून, औषध सोडून डोक्याचे फोटो काढले. मग त्यांनी तोंड उघडायला लावलं. बराच वेळ बघत राहिले. सिस्टर ॲग्नेससुद्धा इतकं बघत नसत.
म्हणाले, "बाई, ही तंबाखूच आहे. रक्तवाहिन्या अरुंद झाल्यात. एक छोटा झटका येऊनही गेलाय. अशा मेंदूत सुई घातली तर हात थांबेल, पण वाचाही जाईल. मी ऑपरेशन करणार नाही."
ह्यांनी माझा हात धरला.

१५ जानेवारी, एसटीत
सर्जन वयाने फार लहान वाटले. मिश्री आजपासून कायमची बंद. प्रकृती सुधारून त्यांना दाखवतेच.

२० फेब्रुवारी, महाड
नात झाली. नाक ह्यांचं. टोपडं बाजारातलं घातलंय, मशीनचं, शिंपले नाहीत. माझ्या मांडीवर दिली. झोपलेली होती. मी हात ठेवला तशी दचकून उठली, रडायला लागली. सूनबाईने अलगद उचलून नेली.
मिश्रीची डबी राहीबाईला देऊन टाकली होती. संध्याकाळी चिमूटभर मागून घेतली. फक्त दातांसाठी.